घराचा महागाई भत्ता

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझी मुलगी कापडी पिशवी घेऊन घरी आली आणि ती तिने माझ्यासमोर चहाच्या टेबलावर रिकामी केली. पिशवीत भाजी नव्हती, बिले होती. किराण्याची, दुधाची, मॉलमधली लांबच लांब, मेडिकलच्या दुकानातली आखूड, काही नुसतीच चिटोरी. मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करतात, वसमत रोडला राहतात. नातू चौथीत आहे, नात बालवाडीत. सकाळी सातला त्यांच्या घरात जी धावपळ सुरू होते ती रात्री दहाला थांबते.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षं लोकांचे हिशेब तपासले. आता आमचा तपासा," ती म्हणाली. "दोन पगार येतात आणि पंचवीस तारखेला हात आखडतो. आमचा किराणा म्हणजे नुसता 'बनी तो बनी, नही तो परभणी' झालाय."

ही म्हण जुनी, निजामी अमलातली म्हणतात. जमले तर जमले, नाहीतर आहेच परभणी! आम्ही परभणीकर ती हसत हसत स्वतःवरच वापरतो आणि कोणी बाहेरचा वापरू लागला की लगेच 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे ठणकावून सांगतो. मी हसलो, चष्मा पुसला आणि बिले तारखेप्रमाणे लावायला घेतली. १९८३ ते २०१९ अशी छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कागदांचा ढीग दिसला की हात शिवशिवतात. पण तो ढीग लावता लावता मला चौतीस वर्षांपूर्वीची एक वही आठवली. मुलीला काही सांगण्याआधी त्या वहीची गोष्ट सांगणे भाग आहे. मी आयुष्यात केलेली ती सर्वांत महत्त्वाची तपासणी होती, आणि तिच्यात दोषी मीच निघालो होतो.

त्या वेळी आम्ही परभणी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी होतो. मी बँकेत फील्ड ऑफिसर, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळा चौदा किलोमीटरवर. सकाळची एस.टी. चुकली की दिवस चुकला. दोन मुले, धाकटे अजून मांडीवरचे. तिचा पगार आम्ही माझ्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाकडे वळवला होता. घर माझ्या पगारावर चालायचे. १९८८ साली मी हिशेब मांडला आणि किराणा, भाजी, साबण-तेल या सगळ्यांसाठी महिन्याला पाचशे रुपये ठरवले. एक तारखेला पाकिटात घालून ते मी तिच्या हातात ठेवत असे. स्वतःच्या शिस्तीचा मला अभिमान होता. शाखेत कोणी उसने मागायला आला की मी त्याला माझ्या पाकिटाची गोष्ट सांगत असे.

१९९१ साल उजाडले. जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि त्या ऑगस्टमध्ये घाऊक महागाईचा दर सतरा टक्क्यांच्या आसपास गेला. आम्ही बँकेत जेवणाच्या सुटीत त्यावर तावातावाने चर्चा करत असू. माझा महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला होता. निर्देशांक वाढला की ठराविक काळाने तो आपोआप वाढत असे, त्यासाठी मला कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी एका किराणा दुकानदाराच्या कॅश क्रेडिट खात्याची तपासणी माझ्याकडे आली. मालतारण कर्जात दुकानातला माल मोजायचा, पोती-डबे पाहायचे आणि येणे बाकी किती हे उधारीच्या वहीवरून तपासायचे, हा नेहमीचा शिरस्ता. दुकानदार भला माणूस होता. त्याने गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडून दिली. मी पाने उलटत होतो. कोणाचे दोनशे, कोणाचे साडेतीनशे. एका पानाशी थांबलो. वर लिहिले होते : 'बँकेतले साहेब – घर.' खाली मुलांच्या हातून गेलेल्या जिनसांची रांग. साखर पाव किलो. तूरडाळ अर्धा किलो. खोबरेल लहान बाटली. चहा पुडा. पुन्हा साखर पाव किलो. तळाशी बाकी : अकराशे शेहेचाळीस रुपये पन्नास पैसे.

"ऱ्हाऊ द्या हो साहेब, ते घरचंच हाय," दुकानदार ओशाळून म्हणाला. त्याला वाटले असावे की मला हे ठाऊक आहे. मी काही बोललो नाही. तपासणीच्या अहवालात येणे बाकीची बेरीज लिहिली. ती बरोबर होती, आणि तिच्यात मीही होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आवाज चढवला नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. बायको वह्या तपासत बसली होती. मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

ती वही बाजूला न ठेवता म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला चाळीस रुपयांचा हिशेब विचारला होता. एकेक जिन्नस. तेव्हाच ठरवलं, यापुढे तुमच्याकडे वाढवून मागायचं नाही. तुमचा पगार वाढला, भत्ता वाढला. पाकीट तेवढंच राहिलं. डाळीला हे कोणी कळवलं नाही."

मला त्या चाळीस रुपयांची आठवणसुद्धा नव्हती.

रात्री मी कागद घेऊन बसलो. आता विचार केला की हसू येते. पोटात खड्डा पडलेला असताना मी व्याजाचा दर काढत होतो. पण तो दर काढला म्हणूनच मला घरखर्चाचे मूळ दुखणे कळले. त्या दुकानात जी तूरडाळ रोखीने पंधरा रुपये होती, ती वहीत साडेपंधराने लिहिली जात होती. वरकरणी पन्नास पैसे, म्हणजे शेकडा सव्वातीन-साडेतीन. महिनाभर थोडे थोडे सामान नेणारे आणि एक तारखेला चुकते करणारे गिऱ्हाईक सरासरी पंधरा दिवसांचीच उधारी वापरते. पंधरा दिवसांना शेकडा सव्वातीन म्हणजे वर्षाला शेकडा ऐंशीच्या घरात! आमच्या बँकेचा व्याजदर त्याच्या जवळपासही जात नव्हता. गंमत अशी की जो जितका वेळेवर फेडतो, त्याला हे व्याज तितके जड पडते. जो सहा महिने थकवतो, त्याला ते हलके.

यात दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे भांडवल गावभर अडकलेले असते, त्यातली काही बाकी बुडते, आणि बुडालेल्याचे पैसे फेडणाऱ्याच्या डाळीतून निघतात. धंदा असाच चालतो. पण उधारीच्या गिऱ्हाइकाची खरी किंमत त्या पन्नास पैशांत संपत नाही. त्याला भाव विचारता येत नाही. तागडीकडे टक लावून बघता येत नाही. डाळीत खडे निघाले तर परत नेता येत नाही आणि पलीकडच्या दुकानात स्वस्त मिळत असेल तरी तिकडे जाता येत नाही. त्याला जे मिळेल ते, मिळेल तेवढे घ्यावे लागते, आणि तेही पाव किलोने.

माझ्या आईने हे सारे शाळेत न जाता ओळखले होते. आमचे मूळ गाव पाथरी तालुक्यातले. जुन्या घराच्या भिंतीत बळद होते. फाल्गुन-चैत्रात रब्बीची ज्वारी निघाली की उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून ते भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. तूर संक्रांतीच्या सुमारास घरी यायची, तिची डाळ उन्हाळ्यात जात्यावर भरडली जायची. बळद भरलेले असले की आई वर्षभर कोणाच्या दारात उभी राहत नसे. १९७२च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी बळद पहिल्यांदा रिकामे राहिले. रेशनवरची लाल मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन आम्ही दिवस काढले, आणि आईने पहिल्यांदा वाण्याच्या वहीत नाव घातले. पुढे चांगला पाऊस झाल्यावरही ते नाव निघायला तीन वर्षे लागली. एका वर्षाचा साठा हुकला की माणूस तीन वर्षे सुटे-सुटे विकत घेत राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिले होते, तरी माझ्या स्वतःच्या घरी मला ते दिसले नाही.

तेव्हा आम्ही काय केले, ते सांगतो. बँकेकडून सणासाठी बिनव्याजी उचल मिळत असे. त्या वर्षी नवे कपडे केले नाहीत. उचलीतून वहीचे पान कोरे केले आणि उरलेले पैसे वेगळे ठेवले. जानेवारीत तूर आणि मार्चमध्ये ज्वारी-गहू, सुगीच्या दिवसांत, रोखीने घेतले. पाकिटाचा नवा नियम केला : माझा महागाई भत्ता ज्या महिन्यात वाढेल, त्याच महिन्यात पाकीटही त्याच प्रमाणात वाढेल. न मागता. आणि चौथी गोष्ट, किराणा मी आणायचा.

या चौथ्या कलमात माझी जी फजिती झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. घाऊक स्वस्त म्हणून मी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर साखरेचे अख्खे पोते आणले. श्रावणात त्याचा दगड झाला. तूर नीट न वाळवता डब्यात भरली, तर दिवाळीला डबा उघडताच भुंग्यांनी मला नमस्कार केला. बायकोने चाळण पुढे केली आणि म्हणाली, "घ्या. ही तुमची बचत." तेव्हापासून दोन गोष्टी पाठ झाल्या. एक : जे निम्म्याने फेकावे लागते ते निम्म्या भावातही महाग. दोन : धान्य साठवायचे तर त्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या खाली हवा. म्हणजे कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवणे, थंड झाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरणे, आणि डबा भिंतीला न टेकवता पाटावर ठेवणे. दाणा दाताखाली धरल्यावर कटकन फुटला पाहिजे, ही आईची परीक्षा आजही चालते. गोदामांत धुरीसाठी वापरतात त्या गोळ्या मात्र राहत्या घरात कदापि आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो.

पुढे नोकरीच्या उत्तरार्धात मला बचत गटांचे काम मिळाले. नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम १९९२ साली सुरू केला. आमच्या भागात तो पोहोचून रुजायला आणखी काही वर्षे गेली. कागदोपत्री हे गट शेळ्या, शिलाई मशीन, पापड यांसाठी कर्ज घेत. पण बैठकांना बसू लागलो तेव्हा मला वेगळेच काही दिसले. गंगाखेडच्या बाजूच्या एका गटातल्या बायका दर महिन्याला थोडे पैसे दिवाळीच्या किराण्यासाठी निराळे जमवत. दिवाळीआधी त्यातून तेलाचे डबे, साखर, हरभरा डाळ, रवा एकदम घाऊकात आणून वाटून घेत. मी विचारले, यात वाचते किती? एक शेतमजूर बाई म्हणाली, "पैसे वाचतात ते वाचतात साहेब, पण दिवाळीच्या दिवसात दुकानाच्या पायरीवर उभं ऱ्हावं लागत न्हाई." गट म्हणजे उधारीची वही उलटी धरलेली. तिथे आधी माल आणि मग पैसे, इथे आधी पैसे आणि मग माल. एवढ्या एका बदलाने गिऱ्हाइकाचा आवाज बदलतो. ती भाव विचारू लागते.

हे सगळे डोक्यात घेऊन मी मुलीच्या बिलांकडे वळलो. आज लाल पुठ्ठ्याची वही नाही, पण तिची जागा रिकामी नाही. मोबाइलवरून पैसे देताना पाकीट हलके झाल्याचे हाताला कळत नाही, आणि क्रेडिट कार्डाची बाकी पूर्ण न भरता थोडी थोडी भरत गेले तर तिचे व्याज त्या शेकडा ऐंशीची आठवण करून देते. सुदैवाने मुलीचे तसे काही नव्हते. तिचे दुखणे साधे होते. एका महिन्यात एकोणतीस बिले! जवळजवळ रोज कोणीतरी दुकानात गेले होते. कोथिंबीर संपली म्हणून गेलेला माणूस कोथिंबीर, दोन बिस्किटपुडे, चिप्स आणि एक 'दोनावर एक मोफत' घेऊन परतला होता. मी लाल पेन्सिलने मोजले. ज्या कारणासाठी फेरी झाली तो जिन्नस आणि जे घरात आले ते सामान, यांत निम्म्याहून अधिक फरक होता. बचत भावात शोधू नका, आधी फेऱ्यांमध्ये शोधा. पंधरवड्याला एक यादी, एक फेरी. भाजी आठवड्यातून दोनदा. यादी भिंतीवर टांगलेली, आणि जो जिन्नस संपवेल त्याने तो लिहायचा, चौथीतल्या नातवानेसुद्धा.

दुसरी गोष्ट पाकिटांची. पूर्वी बिस्किटे, चहा, तेल अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच विकाव्यात असा नियम होता. तो २०२२ साली गेला, आणि त्याच्या जागी पाकिटावर एककाचा दर छापणे बंधनकारक झाले. म्हणजे एक ग्रॅम वा एक किलो, एक मिलिलिटर वा एक लिटर कितीला पडते ते. बारीक अक्षरात असते, पण असते. किलोच्या आतल्या पाकिटावर हा दर ग्रॅमचा असतो आणि किलोवरच्या पाकिटावर किलोचा. तेव्हा तुलना करताना हजाराने गुणायला विसरू नये. तेलाचेच घ्या. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. दुकानात त्याच्याच शेजारी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी असते. समजा, लिटरची पिशवी १५० रुपये आणि ती दुसरी १४३. हात सात रुपये स्वस्त असलेल्या पिशवीकडे जातो. पण हिशेब केला तर पहिली किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसरी १६८. सात रुपये वाचवल्याच्या समाधानात आपण किलोमागे तीन रुपये जास्त देऊन येतो. 'मोठे ते स्वस्त' हाही काही वेदवाक्य नियम नव्हे. शाम्पूची छोटी पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. डोळ्यांवर नको, भागाकारावर विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट कराची. १८ जुलै २०२२पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्या-पिठावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, सुट्या धान्यावर तो नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८वरून ५ टक्क्यांवर आला. जी वस्तू करासह ११८ रुपयांना होती ती १०५ला मिळायला हवी. छापील किंमत ही कमाल किंमत असते, तीच दिली पाहिजे असे नाही. त्यामुळे जुना-नवा छाप तपासून घेणे आणि दुकानदाराला विचारणे यात लाजण्यासारखे काही नाही. रोखीचे गिऱ्हाईक विचारू शकते.

चौथी गोष्ट मी मोठ्या उत्साहाने मांडली. आपला जिल्हा ज्वारी-तुरीचा. आपले कृषी विद्यापीठ परभणीत, 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' ही ज्वारीची वाणे त्यानेच दिलेली. सोयाबीन आल्यापासून खरिपाची ज्वारी शिवारातून हटत गेली हे खरे, पण रब्बीची ज्वारी अजून पिकते. चौघांना वर्षाला गहू-ज्वारी मिळून दोन-अडीच क्विंटल पुरते. सुगीत शेतकऱ्याकडून थेट घ्यावी. तूरही अख्खी घ्यावी आणि गावोगावच्या छोट्या डाळमिलवर भरडून आणावी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'पीकेव्ही मिनी दाल मिल' तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. क्विंटलभर तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते. मी कागदावर आकडे मांडले. वर्षाची बचत भरघोस दिसत होती.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, गच्चीवर धान्य वाळत घालायचं कोणी? निवडायचं कोणी? गिरणीत कोण जाणार? डाळमिलवर दिवस कोणाचा मोडणार? तुमच्या कागदावर रुपये आहेत. तास कुठे लिहिलेत?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. चौतीस वर्षांत मी पुन्हा त्याच पानावर येऊन थांबलो होतो.

एरवी काटकसरीवर जे लिहिले-बोलले जाते, त्यात ही एक रक्कम कधीच नावे पडत नाही. पापड विकत आणण्यापेक्षा घरी लाटा, भाजी मंडईतून आणा, पीठ दळून आणा. सगळे खरे, सगळ्यात पैसे वाचतात. पण ते कोणाच्या तासांतून वाचतात? जुन्या घरात ते आईच्या आणि आजीच्या तासांतून वाचत होते, आणि त्या तासांची खतावणी कोणी ठेवली नव्हती. बँकेत आम्ही असल्या व्यवहाराला चुकीची नोंद म्हणत असू. जमा दिसते, नावे दिसत नाही, म्हणून ताळेबंद खोटा. आज ज्या घरात दोघेही कमावतात आणि दोघांनाही वेळ नाही, तिथे ज्या बचतीचा तास कोणाच्या माथी मारायचा हे ठरलेले नाही, ती बचत फार तर दोन महिने टिकते. तिसऱ्या महिन्यात भांडण होते आणि चौथ्यात पुन्हा एकोणतीस बिले.

मग आम्ही चौघे बसलो आणि कागदावर आणखी एक रकाना आखला : 'कोण करणार.' ज्या ओळीपुढे नाव पडले नाही ती ओळ खोडली. पापड-कुरडया खोडल्या गेल्या. त्या गल्लीतल्या बचत गटाकडून घ्यायच्या, महाग पडल्या तरी. डाळ भरडणेही खोडले. धान्याचा साठा मात्र राहिला. त्याच्यापुढे माझे नाव लागले. मला निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, गच्ची आहे, ऊन फुकट आहे आणि भुंग्यांशी जुनी ओळख आहे. पंधरवड्याची यादी आणि फेरी जावयाकडे. एककाचे दर पाहण्याचे काम नातवाने मागून घेतले. त्याला भागाकार नुकताच आलाय आणि आजोबांना चुकताना पकडण्याची त्याला घाई आहे. मुलीच्या नावापुढे आम्ही काही लिहिले नाही. ती म्हणाली, स्वयंपाकाचा रकाना तुम्ही आखलाच नाहीत, तो माझ्याकडेच आहे. तेव्हा तोही आखला, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जावयाच्या नावावर गेल्या.

आणि दरवर्षी दोघांचे पगार वाढतील त्या महिन्यात किराण्याची रक्कम पुन्हा मांडायची, असे सर्वांत खाली लिहिले. भाव वाढलेले असताना जुन्या रकमेत घर चालवून दाखव, असे कोणालाही सांगणे म्हणजे बचत नव्हे. ती एक उधारी असते, फक्त ती कुठल्या वहीत लिहिली जाते आहे ते आपल्याला दिसत नाही.

तीन महिने झाले. परवा मुलीने बिले मोजून दाखवली. एकोणतीसची अकरा झाली आहेत. खर्च कितीने उतरला हे मी इथे लिहीत नाही, कारण एका घराचा आकडा दुसऱ्या घराला लागू पडत नाही. पंचवीस तारखेला हात आखडत नाही, एवढे मुलीचे म्हणणे.

हा लेख छपाईला देण्यापूर्वी मी बायकोला वाचायला दिला. चाळीस रुपयांचा उल्लेख तिच्या परवानगीशिवाय करणे योग्य नव्हते. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला, एक-दोन काने-मात्रे दुरुस्त केले. शेवटी शिक्षिकाच ती.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त वहीतलं एक पान तुम्ही पाहिलं नव्हतं."

"कोणतं?"

"त्याच्या आधीचं. आठशे तीस रुपयांचं. ते मी सुटीतल्या शिकवण्या घेऊन फेडलं होतं."